लेकीनं इचारलं ते जाऊबाईले

बसा, बसा मायबाप हो. उठू नका कोणी. मागं ऐकू येऊन राह्यलं का? हाव? बरं. मले या माईकची सवय नाही, जवळ घेतला का शिट्टी मारते अन् दूर धरला का मुका होते.

मी शोभा. गावाले सांगायची गरज नाही, पण बुलढाण्याहून, देऊळगाव राजाहून पाहुणे आले हायेत, त्याईच्यासाठी सांगते. हा ज्याईच्या फोटोले हार घातला, त्या सुमनबाई. दोन खेपा पंचायतीत मेंबर होत्या. मी त्याईची धाकटी जाऊ. एकच अंगण, समोरासमोर दोन दारं. मी सकाळी दार उघडलं का पहिलं तोंड त्याईचं दिसे. लग्न होऊन आली तवापासून हेच. आता ते दार लावेल आहे.

सरपंच म्हणे, काकू, दोन शब्द बोला. मी म्हणलं, नाही बोलवत बापू. कालपासून मनात जुळवत होती, इथं उभी राह्यली अन् सगळं सांडलं.

पण माह्या आंदी चार जण बोलले. सरपंच बोलले, गुरुजी बोलले, भजनी मंडळाच्या ताई बोलल्या, माहे जावईबापू बोलले. चौघायनं एकच सांगतलं. सुमनबाई म्हणजे गावाची माय. पोटी लेकरू नव्हतं, पण गावाचं लेकरू त्याईचं. शोकसभा आहे म्हणून तुमी हात आवरले, नाहीतं टाळ्या वाजवल्या असत्या.

मंग मी सांगू का? मी तथं सतरंजीवर बसेल होती अन् माह्या पोटात दुखून राह्यलं होतं. बाई फोटोत गेल्या तरी दुखून राह्यलं होतं. तुमी हसा. शमीमभाभी, तुमी पदराआड हसून राह्यल्या, मले दिसते इथून. हसा. सगळ्या आळीले माहीत आहे, शोभा आपल्या जाऊवर जळते. लपवलं कधी मी? कधीच नाही. बाईच्या तोंडावर सांगत होती.

अन् जळू नाही तं काय करू व? माही एक लेक, पल्लवी. नऊ महिने मी पोटात वागवली. पण तिची वेणी कोण घाले? मोठीआई, म्हणजे या सुमनबाई. शाळेत पाय मुरगाळला तं कोणाच्या दारात रडत गेली? मोठीआईच्या. मी केलेली भाजी ताटात टाकून समोरच्या घरी जेवाले बसे. मी इकडून ओरडू, पल्ले, घरी ये. तिकडून बाई म्हणत, शोभे, जेवू दे व लेकराले, घास अडकन. काय बोलाव मंग माणसानं? आजचा फोटो बी तिनंच निवडला. किती चांगला निवडला पाहा. माह्यासाठी असा फोटो शोधन का ती? मले तं वाटते, राशनकार्डावरचाच लावन.

पण मले आज बोलायचं आहे ते दवाखान्याचं. ते बोलल्याशिवाय मी खाली बसत नाही.

पल्लवी पहिल्यांदा पोटुशी होती तवाची गोष्ट. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून सासरहून, देऊळगाव राजाहून, मी तिले आणली. डिंकाचे लाडू वळले, बाळाले गुंडाळाले जुने धुडके धुऊन, उन्हात वाळवून ठेवले. मनात म्हणलं, आता पाहू मोठीआई काय करते. आता लागन पोरीले माय. याच्यातलं बाईले काय कळते?

डाक्टरीणबाईनं सांगितलेली तारीख टळून गेली. कळ नाही काही नाही. आम्ही बुलढाण्याले गेलो. मी, पल्लवी अन् जावईबापू. मशीनवर पोट पाह्यलं. डाक्टरीणबाई चांगल्या होत्या, नीट समजावून सांगत. म्हणे, बाळाचे ठोके छान आहेत, घाबरू नका. पण पोटातलं पाणी कमी होत चाललं. आता घरी जाऊन वाट पाहणं बरं नाही. दोन रस्ते आहेत. एक, गोळी ठेवून कळा सुरू करू. पहिलटकरीण आहे, येळ लागन, एखाद्या वक्ती रात्रीचा दिवस होईन. जमलं तं मोकळी होईन, नाही जमलं तं ऐन येळेले सिझर करा लागन. दुसरा रस्ता, उद्या सकाळी ठरवूनच सिझर. दोन्ही रस्त्याचं भलंबुरं त्याईनं सांगतलं. म्हणे, आज तरी दोन्ही चालतात, तुमी ठरवा. अन् जाता जाता म्हणे, कळाच्या खोलीत पेशंटजवळ घरची एक बाई राहू शकते. सिझरच्या खोलीत कोणीच नाही.

बाहेर बाकड्यावर आम्ही बसलो. मंग झाली सुरवात. जावईबापूच्या मायचा फोन, सिझर करून टाका, आजकाल सगळेच करतात. जावईबापूच्या मावशीचा फोन, सिझर अजिबात करू नका, कंबर जाते. बाजूच्या बाकड्यावर एक बाई बसेल, ना ओळख ना पाळख, ती म्हणे, माह्या नणंदेले गोळी ठेवली होती. अन् सांगतच बसली. नणंदेचं ऐकता ऐकता माह्या पोरीचं तोंड एवढंसं झालं.

अन् मी? मी कशी गप राहीन? मी पल्लवीच्या येळचं सांगतलं. मले बी तवा सलाईनमधून कळाचं औषध देलं होतं. कशी ओरडली, कशी खाटेची दांडी धरली, नर्सबाईचा हात कसा चावला. पल्लवीनं हे शंभर खेपा ऐकलं आहे, तिच्या दर वाढदिवसाले मी सांगते. ती म्हणे, आई, मले माहीत आहे. मी म्हणलं, नाही, पण ऐक तं.

तिनं नाही ऐकलं. म्हणे, आई, मोठीआईले फोन लाव.

मायबाप हो, तुमीच सांगा. मी जवळ बसेल. माह्या मांडीवर तिच्यासाठी आणलेला डबा. दोनदा बाळंतीण झाली मी, एक लेकरू जगलं, एक गेलं, दोन्ही कळा मले माहीत. अन् ही इचारते कोणाले? जिले आयुष्यात एक कळ नाही आली तिले! माह्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अन् फोन कोणी लावला? पल्लवीच्या फोनची बॅटरी गेली होती. मीच लावला. माह्या हातानं नंबर दाबला अन् तिच्या कानाले लावून देला.

बाई धाड गावचा बाजार सोडून आल्या. आठवडी बाजार होता त्या दिवशी, भाजीची थैली तशीच हातात, मेथीच्या जुड्या बाहेर आलेल्या. जीप भेटली नाही तं एसटीत उभ्यानं आल्या. घामानं भिजेल होत्या. पल्लवीनं पाह्यलं अन् तिचा चेहराच बदलला. मी सकाळपासून जवळ होती, माह्यासाठी नाही बदलला.

मले वाटलं, आता या मेंबरबाई फर्मान सोडतीन. पंचायतीत कशा टेबल वाजवून बोलत तुमाले माहीत आहे. पण बाई खाली बसल्या, पाणी पेल्या अन् म्हणल्या, मले तं याच्यातलं काहीच माहीत नाही व पोरी. तूच सांग, डाक्टरीणबाई काय म्हणल्या.

बस. एवढंच. अन् पल्लवीनं सगळं सांगतलं. पहिल्यापासून. कुठं अडली तं बाई म्हणत, हे मले नाही समजलं, चाल आत इचारून येऊ. दोघी दोनदा आत गेल्या. डाक्टरीणबाईले बाईनं इचारलं, म्याडम, गोळी ठेवल्यावर लेकराचे ठोके कोण पाहते? मधीच पोरीले वाटलं का नाही होत माह्यानं, तं थांबता येते का? म्याडम म्हणे, ठोके आम्ही मशीनवर पाहत राहतो, अन् ती म्हणन तवा परत बोलू, जबरदस्ती नाही. मी बाहेर थैली राखत बसेल. मेथी सांभाळून राह्यली होती मी!

बाहेर आल्या तं बाई म्हणे, पल्लवी, तुले भेव कायचं वाटते? कळाचं का सुरीचं?

पोरगी मंग म्हणे, मोठीआई, दोन्हीचं नाही. मले भेव वाटते का मी ओरडीन. आईसारखी ओरडीन, अन् मंग ते सगळे जन्मभर सांगतीन.

हे तिनं माह्यासमोर म्हणलं. नाकाले मिरच्या झोंबल्यावाणी झालं मले. मी म्हणलं, काय वाईट सांगतलं व मी? खरं तेच सांगतलं ना?

बाई माह्याकडं पाहतच नव्हत्या. तिले म्हणल्या, ओरड ना. पोटभर ओरड. आत मी असन तं मी कोणाले सांगणार नाही. अन् तुले सिझरच करू वाटत असन तं तेच कर, त्याच्यात बी काही कमीपणा नाही, लेकरू दोन्हीकडून आपलंच येते. पण तुले काय पायजे ते म्हण. तुह्या सासूले नाही, तुह्या आईले नाही, मले बी नाही.

मी मधी पडली. मी म्हणलं, सिझरच करा. उगा पोरीचे हाल कायले? तवा बाईनं पहिल्यांदा माह्याकडं पाह्यलं. मले बाजूले नेलं. नळापाशी. म्हणल्या, शोभे, तुले सिझर काऊन पायजे ते मले समजते. सिझरले कोणीच आत नाही जात. ना तू, ना मी.

मी म्हणलं, हाव. तसंच समजा.

काय खोटं बोलू? तसंच होतं. मी आत नाही तं त्या बी आत नाही, फिटंफाट. बाई हसल्या. मले वाटलं रागावतीन, पण हसल्या. म्हणल्या, बरं, मंग तू जाय आत. मी बाहेर बसते. पोरीले जाऊन सांग, आत मी राहीन म्हणून.

मी गेली बाकड्यापाशी. म्हणलं, पल्ले, आत मी राहीन बरं. ती नुसती माह्या मागं पाहत राह्यली, नळाकडं. तिले जोरात नाही म्हणता येत नाही कोणाले, लहानपणापासून तशीच. मी माय आहे हो. मले समजते. मी परत नळापाशी गेली अन् बाईले म्हणलं, तुमीच जा, तुमच्या जिवावरच कळा काढणार आहे ती.

तर पल्लवीनं कळाच निवडल्या. स्वतः आत जाऊन म्याडमले सांगून आली. म्हणे, गोळी ठेवा, मी करून पाहते, नाही जमलं तं सिझर करा, मले वाईट वाटणार नाही.

बाई आत गेल्या. मी बाहेर. मायबाप हो, दुसऱ्या दिवसापर्यंत मी त्या दारासमोर बसेल होती. दार उघडे, बंद होये. नर्स बाहेर आली का मी उठे. म्हणे, चालू आहे मावशी, बसा. आतून आवाज येये, पण शब्द समजत नव्हते. ते मोठं दार, वरून पंख्याची घरघर. मी दाराले कान लावला तं नर्सनं मले हटकलं. कळ मोठी आली का बाईमाणूस कोणाले तरी हाक मारते. मी माह्या मायले मारली होती, ती मरून वर्ष झालं होतं तरी मारली होती. माही पोरगी आत कोणाले हाक मारत असन? मी सगळा येळ हाच इचार करून राह्यली होती. लेकरू कसं आहे हा इचार बी केला, असं नाही का नाही केला. पण हा बी केला.

सिझर करा नाही लागलं. नात झाली. बाईनं आणली बाहेर, पांढऱ्या फडक्यात गुंडाळेल. पहिल्यांदा त्याईच्याच हातात देली होती नर्सनं. मी घेतली. शमीमभाभी डबा घेऊन आल्या होत्या, त्या मले म्हणल्या, शोभा, मुँह तो सीधा कर, नानी बन गई तू. एवढं तोंड वाकडं होतं माहं. का हो भाभी, म्हणल्या होत्या ना?

मंग मी बाईकडं पाह्यलं. बाई भिंतीले टेकून खालीच बसल्या होत्या. मले वाटलं चक्कर आली. मी जवळ गेली तं म्हणल्या, शोभे, मी आजवर जन्म पाह्यला नव्हता व.

गावात एवढी बाळंतपणं झाली. घरात झाली, शेजारी झाली. लेकरू नाही म्हणून बाईले कधी कोणी खोलीत उभं केलं नाही. पाणी तापवून देत, दारातून. अन् त्या दिवशी डोळ्यानं पाह्यला. म्हणल्या, डोकं आलं, मंग खांदा आला, अन् मंग एकदम सगळीच आली व. हे सांगताना रडत होत्या अन् हसत होत्या.

तुमाले वाटन, तवा माही जळजळ गेली. नाही गेली. दुप्पट झाली. कारण मी दोन लेकरं जन्माले घातली, पण पाह्यला नाही मी जन्म. माहे डोळे तवा मिटेल होते, दातावर दात. कसा असते ते मले आज बी माहीत नाही. पाह्यला तो बाईनं, अन् तो बी माह्या नातीचा.

घरी आल्यावर मी इचारलं, बाई, आत काय झालं? पल्लवी काय काय बोलली? कोणाले हाक मारली? बाई म्हणल्या, तिलेच इचार. तिले इचारलं तं ती म्हणे, मोठीआईले इचार. दोघी हसत. सणावाराले इचारे मी, भांडणात इचारे, गोड बोलून इचारे. आता कावीळ झाली अन् बाई खाटेले खिळल्या, तवा शेवटी शेवटी पाय चेपता चेपता मी पुन्हा इचारलं. म्हणलं, बाई, आता तरी सांगा. तुमच्याच नावानं ओरडली असन तं तसं सांगा, मी नाही काही म्हणणार. डोळे पिवळे झाले होते, पण हसल्या. म्हणल्या, शोभे, मी शब्द देला पोरीले.

गेल्या, पण सांगतलं नाही. पंचायतीत एवढं बोलणारं माणूस, पण एवढी एक गोष्ट पोटात ठेवून गेलं. मले राग बी येते अन्... मले नाही जमलं असतं ते. दुसऱ्याच दिवशी मी आळीभर सांगतलं असतं. हे पोरीले माहीत होतं.

आता ऐका, संपवते.

पल्लवी आता पुन्हा पोटुशी आहे. तिकडं खांबाले टेकून बसेल आहे, तुमी पाहूनच राह्यले. आठवा चालू आहे. या खेपेले ब्लडप्रेशर वाढलं. म्याडमनं सांगतलं, दिवस पूर्ण व्हायची वाट नाही पाहता येणार बहुतेक. कळा आंदीच सुरू करू, नाहीतं ठरवून सिझर. इचार करून ठेवा.

काल दुपारी मी अंगणात तांदूळ निवडून राह्यली होती. ती येऊन जवळ बसली. सूप माह्या हातातून घेतलं. अन् म्हणे, आई, काय करू व मी? तू सांग.

मायबाप हो, या एका वाक्यासाठी मी किती वर्षं झुरली. माह्या लेकीनं मले इचारलं. दुसऱ्या कोणाले नाही, मले. मी तोंड उघडलं. तीच गोष्ट आली जिभेवर, सलाईन, खाट, नर्सचा हात. मी तोंड मिटलं. पोरगी माह्या तोंडाकडं पाहते, मी सुपाकडं पाहते. अन् एकाच वक्ती आम्ही दोघीनं मान वर करून समोरच्या दाराकडं पाह्यलं. मंग दोघी रडलो.

बाई, सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलले, मी तेवढी भांडून राह्यली. भांडू द्या. मले पायजे होतं ते मले भेटलं हो. पण असं नको होतं भेटाले. तुमी असत्या तं तिनं तुमालेच इचारलं असतं. मी तिकडं तोंड करून बसली असती, भांडे आपटले असते, दोन दिवस बोलली नसती तुमच्याशी. मले तेच पायजे होतं. मले तुमच्यावर अजून लय वर्षं जळायचं होतं.

उठा मायबाप हो. घडीभर उभे राहा. बाप्यायनं टोप्या काढा, लेकरं जवळ घ्या. पल्लवी, तू बसूनच राह्य बाई. आता कोणी काही बोलू नका. मी बी नाही बोलत.